जुनं वेल्डिंग मशीन: काय जुनं चालेल, काय नवीनच घ्यावं



"जुनं वेल्डिंग मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" अशी विचारणा सभासद वरचेवर करतात. त्यावर आमचं स्पष्ट मत देतो.

घरी वेल्डिंगची सोय असावी. ऐन पेरणीत कल्टिव्हेटरचा फण निखळला की वर्कशॉपमध्ये नंबर लावण्यात दिवस जातो आणि वाफसा निघून जातो. पण "जुनं म्हणजे स्वस्त" एवढ्यावर व्यवहार करू नका. साधा हिशोब लक्षात ठेवा: *जे जड आणि साधं, ते जुनं घ्या. जे नाजूक किंवा जिवाशी संबंधित, ते नवीनच घ्या.*

*जुनं चालेल:* वाईस, ऐरण, हातोडे, क्लॅम्प, लोखंडी टेबल. वाईसचा आटा झिजलेला नसावा आणि जबड्याला तडा नसावा, एवढं बघा. बंद होणाऱ्या वर्कशॉपमध्ये हा माल चांगला मिळतो.

*तांब्याच्या वाइंडिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट:* माल दणकट असतो, पण आधी स्वतःला विचारा, हा लावणार कुठे? असे बहुतेक सेट दोन फेजवर चालतात आणि घरी आपल्याकडे सिंगल फेज असते. मग माणूस शेतीपंपाच्या पेटीकडे वळतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, जोडणी ज्या कामासाठी मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणं अनधिकृत ठरतं आणि दुप्पट दराने आकारणी होते. म्हणजे स्वस्त सेट महागात गेला. रीतसर थ्री फेज जोडणी असेल तरच हा सेट घ्या.

घेताना वाइंडिंगचं टोक चाकूने खरवडा. आत लाल दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. वरच्या वार्निशच्या रंगावर जाऊ नका. ऑइल गळतंय का, त्याला जळका वास आहे का, ते तपासा. किलोवर भाव सांगितला तर त्या वजनात लोखंडी गाभा आणि ऑइलही आहे, हे विसरू नका.

*जुना इन्व्हर्टर:* इथे आमचं मत नवीनकडे झुकतं. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यातून आत जाऊन कार्डावर बसते, ती बाहेरून दिसत नाही. कार्ड गेलं की दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीशी स्पर्धा करतो. नव्याला निदान वॉरंटी असते. तरी जुनाच घ्यायचा तर नव्याचा आजचा भाव दुकानात विचारा आणि त्याच्या निम्म्याहून जास्त मोजू नका.

*रॉड जाळल्याशिवाय पैसे नाहीत.* "चालू कंडिशन" हे फोटोवरून कळत नाही. ३.१५ मिमीचे तीन रॉड सोबत न्या, करंट ११० अँपिअरच्या आसपास ठेवा आणि जाड पट्टीवर एकामागून एक जाळा. आर्क तुटतोय, रॉड सारखा चिकटतोय, मशीन मध्येच बंद पडतंय किंवा वार्निश जळाल्याचा वास येतोय, तर हात जोडून परत या.

*नवीनच घ्या:* होल्डर, केबल, अर्थ क्लॅम्प, ११ नंबर काचेचं हेल्मेट, हातमोजे आणि ग्राइंडरची चकती. ग्राइंडर जुना चालेल, पण गार्ड नसेल तर घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. फुटलेली चकती तोंडावर आली तर काय होईल, ते सांगायला नको. जुनी गॅस सिलिंडर, नळी, रेग्युलेटर यांच्या वाटेला जाऊ नका. या वस्तूंचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बघा. बरेच जण उलटं करतात.

घरी आणल्यावर आधी वायरमनकडून मशीनच्या बॉडीला अर्थिंग करून घ्या. ओल्या जमिनीवर काम नको. जीआय पाइपवर वेल्डिंग करायचं तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि उघड्यावर बसा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आणि ट्रॉलीचा हुक, एक्सल, डिझेलची टाकी, रोटाव्हेटरची पाती यांना घरी हात लावू नका. पाती कडक पोलादाची असते, टाक्याजवळ ठिसूळ होऊन उडते. हुक निसटला तर उसाची भरलेली ट्रॉली मागच्या दुचाकीवर जाईल. हे काम जाणत्या फॅब्रिकेटरचंच.

*विकणाऱ्यांना:* दोष असेल तो आधी सांगा. घेणारा उद्या आपल्याच संकलन केंद्रावर भेटणार आहे. कागदावर मशीनचा नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात. पैसे *मिळवण्यासाठी* क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

*घेणाऱ्यांना:* बिल नाही, नंबर खोडलेला आणि भाव मातीमोल, असा माल घेऊ नका. चोरीचा आहे असं मानायला कारण असताना घेतलेला मालसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरतो.

मशीन बघायला जाताना वेल्डिंग येणारा एक माणूस सोबत न्या. एक चहा पाजावा लागेल, पण हजारो रुपये वाचतील.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी