ग्रंथपाल बाई, जपानी कार्टून आणि माझी सही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी संगणकावर बंदी घातली. आता डोळा छान आहे. (पुण्याच्या ताईने काळजी करू नये, थेंब वेळेवर घालतो!)

तर झालं असं. गेल्या रविवारी नातू शेजारी येऊन बसला. नववीत आहे. म्हणाला, "आबा, तुमच्या तोत्तोचानचा पिक्चर निघालाय, माहितीये का?" मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने मोबाइलवर झलकच दाखवली. डिसेंबर २०२३ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेला अ‍ॅनिमेशनपट, दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा. आगगाडीच्या डब्यात भरणारी ती तोमोई शाळा, कोबायाशी सर... सगळं हलतंय, बोलतंय. मी दोनदा पाहिलं. नातू म्हणाला, "पण तुम्हाला तर कार्टून आवडत नाही ना?"

त्या प्रश्नाने मला थेट २००७ सालात नेऊन सोडलं.

तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' जपानमध्ये १९८१ साली आलं. पुढे नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी त्याची पारायणं केली आहेत. मीही केली. शिक्षकांच्या मेळाव्यात बोलायला उभा राहिलो की तोत्तोचानशिवाय माझं भाषण पुरं होत नसे. त्यात वाचनालयाचं एक प्रकरण आहे. नवा डबा रात्री येणार म्हणून मुलं शाळेतच मुक्काम करतात आणि पुढे त्याच डब्यात वाचनालय होतं. हवं ते पुस्तक घ्या, हवं तेव्हा वाचा! हे मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचो. वाचताना माझाच गळा दाटून यायचा.

आणि त्याच काळात, आमच्याच शाळेच्या वाचनालयात मी काय केलं, ते आज सांगायचंय.

आमच्या ग्रंथपाल बाई अर्धवेळ होत्या. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा आणि काम पूर्ण, हे शाळेत नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको. वाचनालयात एक जुना संगणक होता. बाईंनी त्यावर स्वतःच धडपड करून ब्लॉगरवर वाचनालयाचं पान सुरू केलं. 'या महिन्यात आलेली पुस्तकं', 'आठवीतल्या मुलांनी काय वाचलं' असलं काहीबाही. तेव्हा मराठी टाइप करणं ही तपश्चर्याच होती. ऑफिसात श्रीलिपीत लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसायची. बाईंनी युनिकोड म्हणजे काय ते शोधून काढलं, 'बरहा' उतरवून घेतलं. रोमन अक्षरं दाबायची आणि पडद्यावर मराठी उमटायचं. मग गूगल रीडर. इतरांचे मराठी ब्लॉग त्यातून वाचायच्या, 'मायबोली' आणि 'मनोगत'वरचं चांगलं काही सापडलं की छापून फलकावर लावायच्या. आम्ही शिक्षक म्हणायचो, "बाईंना भलताच वेळ आहे."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मुलांना एक जपानी चित्रपट दाखवला. 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'. १९९५ सालचा, स्टुडिओ घिब्लीचा. मी तो पाहिला नव्हता. आता पाहिलाय म्हणून सांगू शकतो. शिझुकू नावाची शाळकरी मुलगी. वाचनालयातून पुस्तकं आणते, तर प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर तिच्या आधी एकाच मुलाचं नाव. कोण हा? एवढ्याशा धाग्यावर गोष्ट उभी राहते. तिचे वडील वाचनालयात काम करतात. कार्डं जाऊन बारकोड येणार म्हणून बापलेक दोघंही हळहळतात!

सोमवारी आमच्या वाचनालयात गर्दी. मुलं पुस्तकांच्या मागच्या पाकिटातली कार्डं काढून बघत होती, आपल्या आधी कोण! काहींना तर ज्यावर एकही नाव नाही असं पुस्तक हवं होतं, म्हणजे पहिलं नाव आपलं. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली पुस्तकं घरी गेली. हे मला मागाहून कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की शाळेच्या संगणकावर मुलांना कार्टून दाखवतात.

तक्रार अर्ज लिहिला गेला. 'संगणकाचा गैरवापर', 'मुलांच्या अभ्यासाचं नुकसान' वगैरे. पाच सह्या होत्या. तिसरी माझी. चित्रपटाचा एक मिनिटही न पाहता केलेली सही. आठवड्याभरात संगणक ऑफिसात गेला आणि बाईंच्या वाट्याला परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचं काम आलं. त्यांचं पान काही महिने नेट कॅफेतून चाललं, मग थांबलं.

आणि गंमत बघा (गंमत कसली!), २००९ साली मी निवृत्त झालो, त्याआधी मधल्या सुटीत रोज अर्धा तास बसवून मला मराठी टाइप करायला याच बाईंनी शिकवलं. सहीबद्दल एक अक्षर काढलं नाही. आज तुम्ही हे वाचताय ते त्यांच्यामुळे.

म्हणून हे माझं मत, उशिरा सुचलेलं. ग्रंथपालाने नव्या माध्यमात शिरून चाचपडणं, खेळणं हा वेळेचा अपव्यय नाही, ते त्याचं कामच आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला शेवटचा, की ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत गोष्ट आहे. जिवंत गोष्ट नव्या दिशेला फांदी काढणारच.

कोणी म्हणेल, ही साधनं चार दिवसांची. खरंय. जिओसिटीज २००९ मध्ये आटोपलं, गूगल रीडर २०१३ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये. पण आमची पाटी-लेखणीही गेलीच की! साधन जातं, नवं साधन हातात धरून बघायची सवय राहते. ती सवय असलेलं एक तरी मोठं माणूस शाळेत हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. जपानी अ‍ॅनिमेमध्ये मारामारी असते, नको ते असतं. असतं, नातवामुळे मीही थोडं पाहिलंय. पण म्हणूनच जाणकार हवा. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानच्या चित्रपटगृहांत घिब्लीचे दोन चित्रपट जोडीने लागले. 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिला पाच वर्षांच्या पोरालाही दाखवावा. दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेली भावंडं उपासमारीने मरतात. तो पाहून मी रात्रभर जागा होतो. दोन्ही 'कार्टून'च! कुठलं कोणाला, कुठल्या वयात, हे कोण सांगणार? न पाहता सही करणारे आम्ही?

शिवाय यांतल्या कितीतरी चित्रपटांच्या मागे पुस्तक उभं आहे. 'फायरफ्लाइज' अकियुकी नोसाका यांच्या १९६७ सालच्या कथेवरून. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेच्या कादंबरीवरून. पोरगं पडद्यापाशी आलंय, पुस्तक कपाटात पडलंय. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये एक माणूस लागतो, बस्स.

आणि चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याला परकं कधी होतं? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट भिंतभर चित्रांत सांगितली आहे. ते पाहायला जपानी पाहुणे आपल्या शहरात वर्षानुवर्षं येतात. त्यांनी आपली चित्रं इतक्या भक्तीने पाहावीत आणि आपण त्यांची न पाहताच नापास करावीत?

मुलं वाचत नाहीत, हे रडगाणंही मला पटत नाही. आपल्याच संभाजीनगरात मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी आणि त्यांची मुलगी मरियम यांनी २०२१ पासून मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मुलांची वाचनालयं उभी केली. पुस्तक मुलांच्या दाराशी गेलं, मुलं आली. आज मुलांचं दार मोबाइलमध्येही आहे. तिथेही कोणीतरी जायला हवं. शाळांनी ग्रंथपालाला गठ्ठे बांधायला लावू नये, एक संगणक द्यावा आणि आठवड्यातून दोन तास त्याच्या मनासारखे द्यावेत. फार मोठं मागणं नाही.

परवा धीर करून बाईंना फोन केला. त्याही आता निवृत्त आहेत. सहीबद्दल माफी मागितली. पलीकडे क्षणभर शांतता. मग हसल्या. म्हणाल्या, "सर, तो अर्ज मी वाचला होता. तुमच्या सहीखाली तारीख चुकली होती." मराठीच्या मास्तरची अशी चूक बाईंनी इतकी वर्षं सांभाळून ठेवली होती! मग लगेच विचारलं, "तोत्तोचानचा पिक्चर कुठे बघायला मिळेल हो?"

नातू शोधतोय. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. आम्ही तिघं मिळून पाहणार आहोत.