टोलनाका सुटला, तिकिटाचा नाका कधी सुटणार?

मुलुंड चेकनाक्याला रोज बस बदलणाऱ्यांनी ही पोस्ट जरूर वाचा. ऐरोली, वाशी, दहिसर-मीरा रोडवाल्यांनीही वाचा, तुमची गोष्ट वेगळी नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे जुनी गाडी आहे, महिन्यातून दोनदा बाहेर निघते. त्याआधी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. म्हणजे मालाला हद्द राहिली नाही, कारलाही राहिली नाही. राहिली कोणाला? तर बसने येणाऱ्याला. टीएमटीतून उतरा, चार पावलं चाला, बेस्टमध्ये चढा आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून तिकीट काढा.

यात तोटा कसा होतो ते बघा. बसभाड्याचा पहिला टप्पा नेहमी सगळ्यात महाग असतो, पुढे किलोमीटरमागचा दर उतरत जातो. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतर बेस्टच्या साध्या बसला पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि दहापर्यंत १५ रुपये आहेत. आता आठ किलोमीटर सरळ एका बसने गेलात तर १५. तेच आठ किलोमीटर, पण मधोमध नाका आला, तर चार इकडचे आणि चार तिकडचे. दोन्हीकडे किमान भाडं. तेवढंच अंतर, त्याच रस्त्यावर, फक्त मध्ये दोन महापालिकांची रेघ आहे म्हणून जास्त पैसे. आणि बस बदलायचा त्रास आहेच, त्याचे वर पैसे!

आमच्या स्टॉपवर एक ताई भेटतात. सावरकरनगरला राहतात, भांडुपला सोनापूरच्या बाजूला तीन घरी स्वयंपाक करतात. सकाळी नाक्यापर्यंत पाऊण तास चालत येतात आणि तिथून पुढे बेस्ट पकडतात. येताना मात्र पाय बोलायला लागतात म्हणून दोन्ही बस. मी विचारलं, "रोज चालता?" तर म्हणाल्या, "दादा, दहा रुपये धरा, महिन्याचे सव्वीस दिवस धरा." मी धरले. २६० रुपये होतात. आपल्यापैकी अनेकांना हा आकडा किरकोळ वाटेल. त्यांना वाटत नाही, म्हणून तर चालतात.

मग कोणी म्हणेल, आता 'मुंबई वन' ॲप आलंय ना! आलंय, ८ ऑक्टोबर २०२५ ला आलं, आणि चांगलं आहे. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी, केडीएमटी, मीरा-भाईंदरची बस अशा ११ सेवा एका ठिकाणी आणणं सोपं काम नव्हतं. (वसई-विरारची बस त्या अकरात नव्हती, हे जाता जाता.) पण त्याने रांग वाचली, पैसे नाही वाचले. ताट एकच आलं, बिल मात्र प्रत्येक वाटीचं वेगळं. पासही ज्या त्या उपक्रमापुरते, सवलतीही ज्या त्या उपक्रमाच्या. एक ॲप म्हणजे एक भाडं नाही, आणि आपण या दोन गोष्टींत गल्लत करतोय. नेते तर मुद्दाम करतात असं माझं मत आहे.

पुण्यात २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली. तिच्या कारभाराबद्दल पुणेकर काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुण्यातून पिंपरीत शिरताना तिकीट नव्याने सुरू होत नाही, एवढं तरी झालं. मी मात्र इथे बेस्ट-टीएमटी एकत्र करा असं अजिबात म्हणत नाही. सहा-सात उपक्रमांचे कर्मचारी, डेपो, देणी एकत्र करायला गेलात तर पुढची वीस वर्षं कोर्टात जातील. जर्मनीत हॅम्बुर्गने १९६५ मध्येच दुसरा मार्ग काढला. कंपन्या वेगवेगळ्या राहिल्या, तिकीट एक झालं, जमलेले पैसे ठरलेल्या हिशेबाने वाटले जाऊ लागले. तेव्हा ना स्मार्टकार्ड होतं ना क्यूआर कोड. आपल्याकडे आज कंडक्टरच्या मशीनमध्ये कोण कुठे चढलं, कुठपर्यंतचं तिकीट काढलं, सगळं नोंदलं जातं. वाटणी करता येत नाही, हे मला कोणी पटवून द्यावं.

खरी अडचण पैशाची आहे, हे मान्य. सगळेच उपक्रम तोट्यात, बेस्टला महापालिकेच्या मदतीशिवाय चालत नाही. भाडं जोडलं की काही उत्पन्न घटणार. पण टोल माफ करताना उत्पन्न बुडतंय म्हणून कोणी थांबलं नव्हतं. ती तूट चालते, बसची का चालत नाही?

लोकल केंद्राची आहे, तिच्यासाठी दिल्लीला जावं लागेल. तोवर बसपासून सुरुवात करा, ती महापालिकांच्या हातात आहे. पहिली बस पकडल्यापासून दीड तासात कुठल्याही उपक्रमाच्या दुसऱ्या बसमध्ये चढलं तर तो एकच प्रवास धरायचा, तिकीट एकूण अंतराचं. आणि एक मासिक पास, सगळ्या महापालिकांच्या बसला चालणारा. मेट्रो नंतर जोडा, पण तारीख आत्ता सांगा.

तुमच्या रोजच्या प्रवासात किती तिकिटं लागतात? कुठून कुठे आणि एकूण किती रुपये, ते खाली कमेंटमध्ये लिहा. आठवडाभर जमवतो आणि ठाणे, मुंबई दोन्ही महापालिकांत लेखी देतो. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी तसं सांगा.