नंबर लोखंडावर आहे, साहेब

जुन्या गाड्या वाचवण्यासाठी सरकारने जो नियम केला, त्याच नियमामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कांदाचाळीमागे उभी असलेली १९४२ सालची फोर्ड जीप भंगारात जायची वेळ आली आहे. गंजामुळे नाही. सुटे भाग मिळत नाहीत म्हणूनही नाही, ते मिळतात. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या वाड्यात किंवा मळ्यात आजोबांची ‘डिस्पोजलची जीप’ पडून आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

‘फोर्ड जीप’ म्हटलं की निम्मे लोक हसतात. जीप म्हणजे विलिज किंवा महिंद्रा, फोर्ड कुठून आली? तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला जेवढ्या जिपा हव्या होत्या तेवढ्या बनवणं एकट्या विलिजला झेपणारं नव्हतं. सरकारने विलिजचाच आराखडा फोर्डच्या हातात दिला. विलिजचं मॉडेल एमबी, फोर्डचं जीपीडब्ल्यू. त्यातला शेवटचा डब्ल्यू विलिजचा. विलिजने साधारण ३ लाख ६० हजार बनवल्या, फोर्डने २ लाख ७८ हजारांच्या आसपास. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे ही लष्कराची अट, त्यामुळे दहा फुटांवरून दोघी सारख्याच दिसतात.

आपल्याकडे त्या लेंड-लीजमधून ब्रिटिश इंडियन आर्मीसाठी आल्या, आणि अमेरिकन फौजा आसाम-बर्माच्या आघाडीवर होत्या त्यांच्याबरोबरही आल्या. युद्ध संपलं, १९४६ मध्ये अमेरिकेशी लेंड-लीजचा हिशेब मिटला, आणि गाड्या, टायर, तंबू, ताडपत्र्या असा सगळा माल डिस्पोजलमध्ये विकायला निघाला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी तिथूनच आला. महिंद्रांनी मुंबईत जिपांची जुळणी सुरू केली ती १९४७ मध्ये. म्हणजे त्याआधी इथे धावत होत्या त्या लढाईतल्याच.

आता ही कांदाचाळीमागची. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या आजोबांनी पुण्यात लिलावात घेतली होती. अण्णा म्हणाले, “बघून घ्या काय बघायचं ते. भंगारवाला किलोला तीस म्हणतोय. टनभर भरंल.” गाडीला ट्रॅक्टरच्या गाडीची चाकं, आत कुठल्याशा पंपाचं डिझेल इंजिन, सीट म्हणून युरियाच्या पोत्यात भरलेला भुसा. बॉडी बघून कुणीही हेच म्हणालं असतं, जाऊ द्या.

पण जीप ओळखताना बॉडीवर विश्वास ठेवायचा नसतो. बॉडी आपल्याकडे प्रत्येक वेल्डिंगवाल्याने एकदा तरी कापलेली असते. चासी बघायची. पुढच्या बंपरमागे, रेडिएटरखाली, चासीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा बार असतो. विलिजचा तो गोल पाइप असतो. फोर्डचा चौकोनी, उलट्या ‘यू’सारखा. हाताने चाचपलं तरी कळतं. इथे चौकोनी निघाला. मग डाव्या रेलची वरची बाजू इंजिनाच्या पुढच्या अंगाला तारेच्या ब्रशने घासली. अर्धा तास नुसतं ग्रीस आणि माती निघत होती. मग ‘जीपीडब्ल्यू’ आणि त्यापुढे पाच आकडी नंबर. विलिजने आपला नंबर वेगळ्या पट्टीवर ठोकून ती पट्टी रेलच्या आतून रिव्हेटने लावली. ती निघते, हरवते, दुसऱ्या गाडीला लावता येते. फोर्डने थेट चासीच्या लोखंडात ठोकला. आणखी एक खोड फोर्डची: आपल्या कारखान्यातल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ उमटवायची. पाट्यांच्या शॅकलजवळ असे चार बोल्ट सापडले.

खरी गोष्ट मागच्या पत्र्यात होती. युद्धातल्या जिपेला मागे फाळका नसतो, सरळ बंद पत्रा असतो. आपल्या लोकांना त्यातून पोती चढवायची होती, म्हणून बहुतेक जिपांचे मागचे पत्रे कापून फाळके बसवले गेले. अण्णांच्या आजोबांनी कापला नाही. का, ते आजोबांनाच ठाऊक. डाव्या बाजूला बोटभर जाडीची लांबी भरलेली होती. ती हळूहळू पॉलिश पेपरने उतरवली तर खाली पत्र्यात उठावाची अक्षरं, फोर्डची ती ओळखीची वळणदार सही. ही सही फोर्डने फक्त सुरुवातीच्या गाड्यांवर उमटवली. १९४२ च्या मध्यावर लष्कराने सांगितलं, सरकारी गाडीवर कंपनीची जाहिरात नको, आणि ती बंद झाली. साडेसहा लाखांतल्या या पहिल्या काही महिन्यांच्या गाड्या. जगभरचे जीपवेडे या एका पत्र्यासाठी जीव टाकतात.

बॉनेटवर सहा थर रंग होते. पांढरा, निळा, मग दोन हिरवे, मग एक तपकिरी, आणि तळाशी लष्करी हिरव्यावर पांढऱ्या अक्षरात ‘एम’ आणि पुढे अर्धवट आकडे. ब्रिटिश लष्करात मोटारवर्गातल्या गाड्यांच्या नंबराआधी ‘एम’ असे. म्हणजे ही ब्रिटिश-हिंदी फौजेकडची. एवढं लोखंड स्वतः सांगतं, त्याला कुणाच्या शिफारसपत्राची गरज नाही.

आता कागद. अण्णांच्या कपाटात आजोबांच्या नावाचं जीर्ण आरसी बुक निघालं. त्यावर बनावट : जीप. एवढंच. चासी नंबराच्या रकान्यात तोच पाच आकडी नंबर! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. इंजिन नंबराच्या रकान्यातही तोच नंबर. हे तर अगदी बरोबर आहे, कारण फोर्ड चासीवर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकत असे. विलिजचे दोन वेगळे असत. म्हणजे त्या काळच्या कारकुनाने प्रामाणिकपणे गाडी पाहून नंबर उतरवला होता.

आजच्या कारकुनाने काय केलं? एका आरटीओ कार्यालयात आम्ही ते बुक घेऊन गेलो. टेबलापलीकडून उत्तर आलं, “दोन्हीकडे एकच नंबर कसा असेल? ही एंट्री चुकीची आहे. आधी ती दुरुस्त करून आणा.” मी फोर्डची पद्धत समजावून सांगितली. “तसं लेखी आहे का कुठे?” म्हटलं, लोखंडावर आहे, साहेब, येऊन बघा. साहेब काही आले नाहीत. सत्तर वर्षं खरी असलेली नोंद खोटी करून आणली तर अर्ज घेणार, असा हा व्यवहार.

पण एका टेबलावर राग काढून उपयोग नाही. मूळ दुखणं नियमात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, १० वर्षांची मुदत, रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन आणि रॅलीला मुभा. चांगलं पाऊल होतं, मीही तेव्हा स्वागत केलं होतं आणि आजही करतो. पण व्याख्या वाचा. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे.

ही व्याख्या कुणासाठी लिहिली आहे? संस्थानिकाच्या गॅरेजात मखमलीखाली झाकून ठेवलेल्या गाडीसाठी. तिला कधी नांगराला जुंपलं नाही, तिच्यात कधी कांदा वाहिला नाही. डिस्पोजलची जीप मात्र कामाची गाडी होती. पेट्रोल परवडेना झालं तेव्हा शेतकऱ्याने त्यात डिझेल इंजिन टाकलं, कारण त्याला पोट होतं. आता डिझेल इंजिन ठेवलं तर ‘मूळ स्वरूप नाही’. ते काढून त्या काळचं चार सिलिंडरचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन शोधून बसवलं तर ‘इंजिन बदललं’. बिघडवणं आणि मूळपदावर आणणं यातला फरकच या व्याख्येला कळत नाही. आजाऱ्याला औषध देणं आणि विष देणं एकाच कलमात बसवल्यासारखं झालं.

आणि अर्जाला काय लागतं? नोंदणी झालेली असेल तर जुनं आरसी, आयात गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री. अण्णांकडे आरसी तरी होतं. ज्यांचं बुक वाळवीने खाल्लं त्यांनी काय करायचं? लष्कराच्या जहाजातून उतरलेल्या गाडीची बिल ऑफ एन्ट्री कोण फाडणार होतं?

पुरातत्त्वाच्या दारात जावं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूला ओळखतो. ही जीप तिथे पात्र होईल २०४२ मध्ये. तोपर्यंत तिचं सळईत रूपांतर होऊन एखाद्या स्लॅबमध्ये गाडली गेलेली असेल.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त सरकारवर घसरतो. जीपप्रेमींच्या दुनियेतच बनावटीचा बाजार आहे. महिंद्राची सीजे-३बी घ्यायची, उंच बॉनेट कापून खाली आणायचं, सात फटींची जाळी काढून नऊ फटींची बसवायची, पांढरा तारा रंगवायचा, आणि ‘कोहिमाच्या लढाईतली’ म्हणून लग्नात भाड्याने द्यायची. हौस म्हणून करा, माझं काही म्हणणं नाही. पण चासीवरचा नंबर घासून जुना नंबर ठोकणारे महाभागही आहेत. तो सरळ गुन्हा आहे, आणि यांच्यामुळेच खऱ्या गाडीवर अधिकारी विश्वास ठेवत नाहीत. अण्णांच्या जिपेने कुठली लढाई पाहिली अशी कथा मी रचणार नाही. तिचं खरंपण बोल्टवर आहे, तेवढं बास आहे.

“इंग्रजांच्या फौजेची गाडी, गुलामीची निशाणी, कशाला जपायची?” असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवलं. त्या फौजेत पंचवीस लाख हिंदी माणसं होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत लढताना पडले, मराठा लाइट इन्फंट्रीचे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यासारख्यांपर्यंत दारूगोळा, पाणी पोचवायला आणि जखमींना मागे आणायला याच जिपा होत्या. आणि पुढे १९४७-४८ मध्ये काश्मीरसाठी आपल्यालाच जिपांची एवढी निकड होती की लंडनमधून झालेल्या खरेदीचा घोटाळा स्वतंत्र भारताच्या पहिल्या घोटाळ्यांत गणला गेला. तेव्हा निशाणी कुणाची ते जरा नीट ठरवा.

तिकडे सरकारी आवारांत तर याहून वेगाने चाललंय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द, गाडी थेट स्क्रॅपला. धूर सोडणाऱ्या गाड्या जाव्यात, मान्यच आहे. पण पाटबंधारे, वनखातं, पोलीस, जिल्हा परिषद यांच्या शेडमागे झुडपात बसलेल्या सांगाड्यांत काही युद्धकाळातलं आहे का, हे कापण्याआधी पाहायची जबाबदारी कुणावरच नाही. बंपरमागे हात घालायला दोन मिनिटं लागतात.

ब्रिटनमध्ये जुन्या गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळवायचा असेल तर तिथलं वाहन खातं मान्यताप्राप्त क्लबच्या जाणकाराकडून तपासणी करून घेतं. आपल्या नियमातही राज्याने समिती नेमून गाडी पाहायची तरतूद आहे. मग त्या समितीत चासी ओळखणारा एक तरी मिस्त्री बसवा. व्याख्येत एक ओळ घाला, की मूळ प्रकारचे भाग बसवून गाडी पूर्वस्थितीत आणणं म्हणजे फेरफार नव्हे. आरसी नसेल तर चासीवरचा कारखान्याचा नंबर पुरावा माना, चोरीची नाही याचा पोलीस दाखला घ्या, हवं तर फी दुप्पट करा.

अण्णांचे वारस पाच. तिघांच्या सह्या झाल्या आहेत, एक सुरतला आहे, एकाचं म्हणणं भंगारवाल्याचे पैसे रोख आहेत. बुकातल्या ‘चुकी’बद्दल परिवहन खात्याकडे लेखी अर्ज दिलाय, सोबत चासीवरच्या नंबराचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा जोडलाय.

तुमच्याकडे अशी जीप असेल तर विकण्याआधी चार फोटो काढा: बंपरमागचा आडवा बार, डाव्या रेलची वरची बाजू, रेडिएटरची जाळी, मागचा पत्रा. नंबर दिसत नसेल तर ग्राइंडर लावू नका, नंबरच उडेल. रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरतो. फोटो इनबॉक्समध्ये पाठवा, नंबर मात्र जाहीर टाकू नका. ठोकणारे टपलेलेच आहेत.