समासातील वाचक

मराठी वाङ्मयेतिहासात लेखकाची नोंद होते, आवृत्तीची होते, समीक्षकाच्या अभिप्रायाचीही होते. ज्याने ते पुस्तक ग्रंथालयातून आठ दिवसांसाठी घरी नेले आणि वाचून परत केले, त्या वाचकाची मात्र होत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली वाचकाच्या अपेक्षांच्या अंगाने वाङ्मयेतिहासाची पुनर्मांडणी करण्याचा आग्रह धरला. पुढे मराठी समीक्षेतही 'वाचक' ही संज्ञा रुळली. तथापि हा वाचक बहुधा संहितेवरून अनुमानिलेला असतो. प्रत्यक्ष वाचकाच्या खुणा जुन्या प्रतींच्या समासांत आणि तारीखपट्ट्यांवर पडून आहेत, आणि त्यांच्याकडे संशोधनाची साधने म्हणून क्वचितच पाहिले जाते.

हस्तलिखितांच्या बाबतीत अभ्यासक अशी उपेक्षा करीत नाहीत. पोथीच्या समासातील दुरुस्ती, लेखनिकाची पुष्पिका, मालकाचे नाव यांची दखल संपादक काटेकोरपणे घेतो. मुद्रित पुस्तकाच्या सर्व प्रती सारख्याच असतात या समजुतीमुळे तीच दृष्टी येथे लोप पावते. वस्तुतः छापखान्यातून सारख्या निघालेल्या प्रती वाचकांच्या हातून फिरू लागताच एकमेकींपासून वेगळ्या होतात.

याचे साधे उदाहरण अभ्यासक्रमात नेमलेल्या कादंबरीचे. महाविद्यालयीन प्रतीत पहिली दोन प्रकरणे अधोरेखनाने भरलेली, कडेला 'महत्त्वाचे' असा शेरा, आणि पुढील पाने कोरी, हे दृश्य कोणत्याही अध्यापकाच्या परिचयाचे आहे. तारीखपट्टीवरील शिक्के परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत दाटलेले असतील आणि पुस्तक अभ्यासक्रमातून वगळल्यावर विरळ झाले असतील, तर त्या कृतीची 'लोकप्रियता' कितपत अभिरुचीची आणि कितपत प्रश्नपत्रिकेची, हा प्रश्न टाळता येत नाही. उलट कधीही न नेमलेल्या पुस्तकावर वर्षानुवर्षे शिक्के पडत राहिले असतील, तर तेथे अभिरुचीचा पुरावा अधिक बळकट मानावा लागेल.

या साधनांच्या मर्यादा उघड आहेत. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिणे हा नियमभंग आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. शिवाय समासात लिहितो तो वाचक सर्व वाचकांचा प्रतिनिधी नव्हे. मन लावून वाचणारे पुष्कळजण एकही खूण ठेवीत नाहीत. सभासदत्व घरातील पुरुषाच्या नावे असले तरी पुस्तक वाचणारी त्या घरातील स्त्री असू शकते. नोंदवहीत तिचा मागमूस नसतो. म्हणून अशा खुणांवरून एखाद्या अनोळखी व्यक्तीचे चरित्र रचण्याचा मोह आवरणेच श्रेयस्कर. ती व्यक्ती कोण होती, यापेक्षा पुस्तक कसे वाचले गेले, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत येतो.

परंतु मर्यादित साधन आणि निरुपयोगी साधन यांत भेद केला पाहिजे. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांनी मराठी वाचनसंस्कृती घडविली. आज कोणत्याही ग्रंथालयात जागेची अडचण खरी असते, आणि जीर्ण वा अधिकच्या प्रती निर्लेखित करणे हा ग्रंथपालाच्या कर्तव्याचाच भाग आहे. मात्र निर्लेखनात 'अधिकची' ठरणारी प्रत ही पुष्कळदा सर्वाधिक हाताळलेली प्रत असते. त्या प्रतींतील काही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पोहोचतात, बाकीच्या रद्दीत जातात. संगणकीय प्रत तयार करताना स्वच्छ प्रत निवडली जाते, हे वाचनीयतेच्या दृष्टीने योग्यच. पण त्यामुळे संहिता टिकते आणि वाचनाचा पुरावा नष्ट होतो.

यावर उपाय खर्चिक नाही. निर्लेखनापूर्वी दाखल क्रमांक, शिक्क्यांच्या तारखा, अधोरेखनाची पृष्ठे आणि समासातील शेरे यांची नोंद, सभासदांची नावे वगळून, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून प्रकल्परूपाने करून घेता येईल; निवडक पानांची छायाचित्रेही ठेवता येतील. मराठी विभाग आणि ग्रंथालय यांनी मिळून निदान एका महाविद्यालयापुरता आरंभ करावा. कोणती प्रत रद्दीत जावी हे ग्रंथपालाने ठरवावे. तत्पूर्वी ती एकदा उघडून पाहण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांची आहे.