हिरवें तेवढें एक नव्हे

समुद्रकांठच्या बागाईतदारांस शेवाळाचें खत नवें नाहीं. परंतु किती गाड्या आणल्या याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ. कोणतें शेवाळ आणलें, हें विचारणारा विरळा. महसूल खात्यांत उमेदीचीं वर्षें घालविलेल्या मनुष्यास हें खटकतें. जमिनीची प्रत ठरल्यावांचून तिजवर आकार बसत नाहीं. मग ओळख पटल्यावांचून शेवाळ माडाच्या आळ्यांत कां पडावें?

रत्नागिरी-मालवणकडील कातळांवर ओहोटीच्या वेळीं सर्रास आढळणारें हिरवें शेवाळ म्हणजे उल्वा. त्याचें पान कोबीच्या कोंवळ्या पानासारखें दिसतें. परंतु त्यास शिरा नाहींत, मुळें नाहींत. तळाच्या लहानशा चकतीनें तें कातळास चिकटलेलें असतें. जाडी अवघ्या दोन पेशींची, म्हणून उजेडाकडे धरिलें असतां पलीकडील बोटें दिसतात. खाडीच्या तोंडाशीं आंतड्यासारख्या पोकळ नळ्यांचें शेवाळ वाढतें. तें पुष्कळ काळ निराळ्या वर्गांत गणलें जाई. २००३ सालीं आनुवंशिक पुराव्यावरून तेंहि उल्वांतच धरावें असें ठरलें. मात्र आडव्या सरपटणाऱ्या देंठावर द्राक्षांच्या घोंसासारखे अथवा पिसांसारखे तुरे उभे असतील, तर तें कॉलर्पा, उल्वा नव्हे.

ओळखीचा उपयोग काय, असें कोणी पुसेल. उल्वा पातळ असल्यामुळें लवकर कुजते आणि जमिनीस नत्र देते; कॉलर्पाच्या अंगीं मात्र जलचरांस दूर ठेवणारीं विषारी द्रव्यें असतात. शिवाय सांडपाणी मिळतें तेथें उल्वा अतोनात माजते व पाण्यांतील जड धातूहि शोषून घेते. म्हणून कारखान्याच्या नाल्याजवळील हिरवा ढीग फुकट मिळाला तरी महागच समजावा. ओल्या ढिगाखालीं विषारी वायूहि सांचतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ सालीं अशा ढिगांत रुतलेला घोडा मेला व स्वार बेशुद्ध पडला. यास्तव शेवाळ ताजें असतांच उचलावें, पातळ पसरावें, पावसानें मीठ धुऊन जाऊं द्यावें, आणि मगच आळ्यांत घालावें.

आमची सूचना इतकीच कीं, किनाऱ्यावरील प्रत्येक शेतकरी-संघानें या शेवाळांचे नमुने जाड कागदावर दाबून, वाळवून, नांव, ठिकाण व तारीख घालून दप्तरीं ठेवावे. खर्च थोडा आहे. गाडी जुंपण्यापूर्वीं सभासदानें नमुन्याशीं ताडून पाहावें. पुढें माडांचें नुकसान झाल्यावर कारण शोधीत बसण्यापेक्षां तें सोपें.