सण सोडला, माणूस सोडू नये

२५ डिसेंबर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम महाड येते. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या भगिनी दरवर्षी हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. जगाला मात्र ही तारीख नाताळची म्हणून माहीत आहे. गेल्या नाताळात आम्हाला एका घरचे फराळाचे बोलावणे आले. त्या घरात जे ऐकले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

घर एका ताईंचे. त्या इस्पितळात आयाचे काम करतात, यजमान रिक्षा चालवतात. मूळ नगर जिल्ह्यातले. पणजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेले हे कुटुंब. म्हणजे जातीचे चटके सोसलेली, आमच्याच भावकीतून निघून वेगळ्या वाटेने गेलेली माणसे. आजीच्या घरी नाताळ म्हणजे करंज्या, शेव, लाडू, नवे कपडे आणि दारावर कागदाची चांदणी. पण ताई सात वर्षांच्या असताना आई-वडिलांनी आजीची मंडळी सोडली आणि ते ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथात गेले. त्या वर्षापासून घरात नाताळ बंद झाला. चांदणी गेली, करंज्या गेल्या, मुलांचे वाढदिवससुद्धा गेले.

ख्रिस्ताला मानणारे लोक नाताळ करत नाहीत, हे ऐकून आम्हालाही नवल वाटले. मग थोडी माहिती काढली. हा पंथ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल अभ्यास मंडळातून निघाला. सध्याचे नाव १९३१ सालचे. गंमत अशी की सुरुवातीला हे लोकही नाताळ करीत. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे त्यांचे मुख्य ठिकाण होते, तेथे १९२६ सालापर्यंत नाताळ होत असे. पुढे तो बंद केला. कारण असे सांगतात की बायबलात येशूची जन्मतारीख कोठेच दिलेली नाही आणि २५ डिसेंबर ही रोमन लोकांच्या सूर्यपूजेशी जोडलेली तारीख आहे. बायबलात वाढदिवसाचे प्रसंग दोनच, एक मिसरच्या फारोचा व दुसरा हेरोद राजाचा, आणि दोन्ही वेळी माणसाचा जीव घेतला गेला. म्हणून वाढदिवसही नको. वर्षाकाठी ते एकच दिवस पाळतात, तो येशूच्या मृत्यूचा स्मृतिदिन.

अशी बंदी त्यांनीच प्रथम घातली असेही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कडव्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी कायदाच केला होता की नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड. तो १६८१ साली रद्द झाला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली.

या पंथाच्या लोकांची निष्ठा खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. हिटलरच्या छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावलेला असे, तरी ते डगमगले नाहीत. आपल्या देशात केरळमधील तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. ते त्या मुलांच्या कामी आले. पण तेच स्वातंत्र्य पंथ सोडणाऱ्यालाही आहे की नाही? ताईंची गोष्ट येथे सुरू होते.

वडील वारले, लग्न झाले, आणि ताईंचे सभेला जाणे हळूहळू सुटले. त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, म्हणून त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली नाही. बाप्तिस्मा घेतलेल्याची गोष्ट वेगळी. असा माणूस पंथ सोडून गेला किंवा काढला गेला, तर वेगळ्या घरी राहणाऱ्या सख्ख्या नातेवाइकांनीही त्याच्याशी संबंध ठेवू नयेत आणि एका पंगतीला जेवू नये, अशी त्यांची शिकवण. २०२४ साली तिच्यात थोडी ढील दिली गेली. काढलेला माणूस सभेला आला तर त्याला दोन शब्द बोलून नमस्कार करावा, इतपत. ताई म्हणाल्या, “मी बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडले असते, तर आई माझ्या ताटाला ताट लावून जेवली नसती. मी बहिष्कृत झाले असते.”

बहिष्कृत हा शब्द ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. या शब्दाचा अर्थ आमच्या समाजाला कोशात पाहावा लागत नाही.

ताईंचा मुलगा शाळेत जाऊ लागला आणि त्याने विचारले, “सगळ्यांच्या घरी काहीतरी असते, आपल्या घरी का नाही?” त्या वर्षी ताईंनी बाजारातून चांदणी आणली. पण लावण्याचा धीर होईना. दोन दिवस ती खाटेखाली पडून राहिली. तिसऱ्या दिवशी यजमानांनी खिळा ठोकला. “बटण दाबताना हात कापत होता,” ताई सांगत होत्या. “कोणी पाहत आहे, आता काहीतरी वाईट होणार, असे वाटत होते. पस्तिशीच्या बाईला कागदाच्या चांदणीची भीती!” शेजारी नाताळची गाणी म्हणू लागले, तर यांना पहिल्या ओळीपुढे शब्द येईनात. करंजीचे प्रमाण कोणाला विचारावे, तर आजी कधीच गेलेली. आठवणीने सारण केले. पहिल्या घाण्यातल्या निम्म्या करंज्या तेलात फुटल्या.

आम्ही विचारले, “आता तुम्ही कोणत्याच प्रार्थनेला जात नाही. मग नाताळ कशासाठी?”

“लेकरासाठी, आणि आजीसाठी. आई करू नको म्हणते म्हणून मुद्दाम करते, असे नाही. तसे असते तर पहिल्याच वर्षी माझी हौस फिटली असती.”

हे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटले. धर्म सोडलेला माणूस पुष्कळदा दोन्हीकडून बांधलेला राहतो. मना केलेली गोष्ट एकजण भीतीपोटी वर्षानुवर्षे करत नाही, दुसरा रागाने मुद्दाम करतो. दोघांच्याही मानेवर जुने जोखड तसेच असते. ताईंनी स्वतःला विचारले की मला हे का हवे, आणि उत्तर मिळाल्यावर मगच खिळा ठोकायला दिला.

आमच्या समाजाला हा प्रश्न अनोळखी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आमच्या वाडवडिलांनी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञा घेऊन जुने देव आणि जुने सण सोडले. ते कोणाच्या धाकाने सोडले नाहीत, समजून उमजून सोडले. आणि घर रिकामे ठेवले नाही. भीमजयंती आली, बुद्धपौर्णिमा आली, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. पोरांना नवे कपडे मिळाले, घरात खीर झाली. सात वर्षांच्या ताईंचा सण काढून घेतला, पण त्या जागी पोराबाळांचे म्हणून काही दिले नाही. ती पोकळी त्यांना तीस वर्षे बोचली.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. आमच्या ओळखीच्या एका बौद्ध घरातली मुलगी दुसऱ्या समाजात दिली. सासरी गणपती बसतो. म्हणून भावांनी तिच्या घरचे येणे-जाणे बंद केले. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की प्रतिज्ञेत ‘मी’ आहे. मी देव मानणार नाही, मी उपासना करणार नाही. पूजेला बसू नका, हात जोडू नका, त्या दिवशी जाऊ नका. पण बहिणीचे दार वर्षभर बंद करा, असे बावीसपैकी कोणत्या प्रतिज्ञेत आहे? उलट सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांतच आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जातपंचायतींसाठी तो झाला, हे ठीकच. पण घरातल्या अबोल्याला कायदा पुरत नाही. तो आपला आपणच मोडावा लागतो.

नाताळच्या दिवशी ताईंची आई आली नाही. येणार नाही हे आधीच सांगितले होते. आम्ही फराळ केला. मुलाने विचारले, “तुम्ही पण नाताळ करता का?” आम्ही म्हटले, “नाही बाळा, आमचा २५ डिसेंबर वेगळा,” आणि त्याला महाडची हकीकत सांगितली. चांदणीखाली बसून त्याने ती नीट ऐकली.

पुढे ताई भेटल्या तेव्हा कळले की आई २८ तारखेला आली होती. दारावरच्या चांदणीकडे तिने पाहिले नाही. ताईंनी भीत भीत डबा पुढे केला. आई म्हणाली, “सण झाला ना? आता ही नुसती करंजी आहे.” आणि दोन खाल्ल्या. सारणात वेलदोडा कमी आहे, सासूबाई जास्त घालत असत, एवढे सांगून गेली.

यंदा ताईंनी वेलदोडा वाढवायचे ठरवले आहे, आणि एक डबा २८ तारखेसाठी वेगळा ठेवायचा आहे.

जयभीम.