शिळं आपलं, उष्टं लोकायचं

1 मे 2022 रोजी, कामगार दिनाला, छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले होते. त्या दिवशी मोबाईलवर फोटोंचा पाऊस पडला. मंत्री, आमदार, मोठमोठे अधिकारी ताटात बासी घेऊन बसलेले, बाजूला कांदा, हिरवी मिरची, चटणी. मी भिलाईला माहेरी आले होते. सेक्टर 2 मधल्या क्वार्टरच्या दारात बसून मी ते फोटो मायला दाखवले. तिने चष्मा सारखा केला, दोन-चार फोटो पाहिले आणि म्हणाली, "आपण खात होतो तवा कोणी फोटो काढाले नाई आला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्ला की ती बासी. ताज्याच भातात पाणी घालून खाल्ला की तो बोरे. सोबत मीठ, कांदा, मिरची, असेल तर ताक किंवा एखादी पालेभाजी. उन्हात कामाला निघणाऱ्या माणसाचे हे जेवण. आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, तोही धानाचाच मुलूख. 1956 पर्यंत भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसे इथे कामाला आली. आमच्या रांगेत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, सगळे होते. बाबा नोकरीला लागल्यावर गावाहून आलेल्या आजीला इथली भाषा परकी वाटली, पण बासी परकी वाटली नाही.

परकी वाटली ती मला. मी सहावीत असताना डब्यात शिळ्या भाताला फोडणी देऊन नेला होता. एका वर्गमैत्रिणीने विचारले, "तुम लोग बासी खाते हो?" त्या 'तुम लोग'मध्ये काय काय होते, ते तेव्हाही कळले होते. घरी येऊन मी उरलेला भात मोरीत ओतला. मायने मारले नाही. तिने फक्त एवढेच सांगितले, "शिळं आपलं असते बाई. उष्टं लोकायचं असते. शिळ्याची लाज वाटू देऊ नोको."

हे वाक्य समजायला मला पदवीपर्यंतची सगळी वर्षे लागली.

आजीच्या आधीच्या पिढ्यांनी गावकीची कामे केली. त्याचा मोबदला म्हणून दारोदार फिरून उरलेसुरले अन्न गोळा करायचे. वाढणारीने वरून टाकायचे, घेणारीने खाली पदर धरायचा. ते अन्न शिळे असायचे, पण त्याहून वाईट म्हणजे ते उपकाराचे असायचे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना बजावून सांगितले की मागून आणलेले तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा. तो केवळ स्वच्छतेचा उपदेश नव्हता. त्या तुकड्यांच्या बदल्यात आपण माणूसपण गहाण टाकतो, हे त्यांना सांगायचे होते. उत्तर भारतात याच अनुभवावर ओमप्रकाश वाल्मीकींनी आपल्या आत्मकथेला नाव दिले, 'जूठन'. म्हणजे उष्टे.

त्यामुळे आपल्या घरातली काटकसर आणि मासिकांतल्या 'गृहिणींसाठी उपयुक्त सूचना' या वरून सारख्या दिसल्या तरी एक नाहीत. आपल्या आया स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पगारातून आणलेल्या तांदळाचा भात शिजवू लागल्या आणि उरलेला भात स्वतःच दुसऱ्या दिवशी खाऊ लागल्या, ही एका पिढीची क्रांती होती. शिळे खाणे हा उष्ट्यातून सुटल्याचा पुरावा होता.

पण या ज्ञानाची नोंद कोणी घेतली? कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' 1970 साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्यातले स्वयंपाकघर म्हणजेच मराठी स्वयंपाकघर असे आपणही मानून बसलो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला 2015 उजाडावे लागले, तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न पुस्तकात आले. आपल्यातल्या पहिल्या पदवीधरांच्या हातात आता लेखणी आहे. म्हणून मी आज मायच्या काही गोष्टी लिहून ठेवते. तुम्ही हॉस्टेलात असाल, भाड्याच्या एका खोलीत असाल, पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवत असाल, तर उपयोगी पडतील.

पहिली काटकसर इंधनाची. चणे, वाटाणे, राजमा रात्रीच भिजत घालायचे. तूरडाळसुद्धा अर्धा तास भिजवली की लवकर शिजते. कुकर एकट्या डाळीसाठी लावायचा नाही. खाली डाळ, वरच्या डब्यात भात, कडेला दोन बटाटे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. भाजीवर झाकण हवेच. भांड्याच्या बुडाबाहेर जाळ येत असेल तर आपण खोली तापवतो आहोत, भाजी नाही. सिगडीच्या दिवसांत माय स्वयंपाक झाल्यावर विझत्या निखाऱ्यांवर आंघोळीचे पाणी ठेवायची. कोळशाची भुकटी फेकायची नाही, माती आणि शेण कालवून तिचे गोळे वाळवायची. तीच राख भांडी घासायला.

दुसरी पाण्याची. तांदूळ धुतलेले पाणी मिरचीच्या झाडाला. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी फरशी पुसायला, मग संडासात. भाताचे पाणी वेळून काढले तर ते फेकायचे नाही. छत्तीसगडीत त्याला पसिया म्हणतात. मीठ घालून प्यायचे, नाहीतर पातळ करून सुती साडीला खळ द्यायची.

तिसरी अन्नाची. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कोथिंबिरीचे देठ डाळीत. शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा घालून. उन्हाळ्यात मुगाच्या वड्या गच्चीवर वाळवल्या की पावसाळ्यात भाजी महागली तरी चिंता नाही. बासीचाही नियम आहे. भात थंड झाला की लगेच स्वच्छ पाण्यात घालायचा, उघडा तासन् तास ठेवायचा नाही, आणि सकाळीच संपवायचा. तार सुटली किंवा वास आला तर सरळ फेकायचा. माय म्हणते, एका वाटीभर भातापेक्षा डॉक्टर महाग.

यातून फार मोठी रक्कम वाचत नसे. पण सिलिंडर चार दिवस जास्त पुरायचा, आणि तांदळाच्या डब्यात एका रुमालात बांधलेल्या नोटा वाढायच्या. माझा परीक्षेचा फॉर्म त्या रुमालातून भरला गेला. तुमच्यातल्या अनेकांच्या पदवीचा कागदही अशाच रुमालातून आला असेल.

इथपर्यंत अभिमानाची गोष्ट झाली. आता अडचणीची.

मायच्या काटकसरीत आणखी एक गोष्ट होती, जी ती कधी सांगत नसे. भाजी कमी पडली तर ती भाजी न घेता जेवायची. दूध आम्हाला, अंडे बाबांना, तिला चहा. बासी सगळ्यांसाठी होती असे मी वर लिहिले, पण खरे सांगायचे तर भात कमी असला की ताजा आम्हाला आणि बासी तिला. तिच्या चाळिशीत डॉक्टरांनी सांगितले की रक्त फार कमी आहे. ती एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. भिलाईत देशाच्या रेल्वेचे रूळ बनतात. त्या रुळांसाठी राबणाऱ्याच्या घरात, मायच्या रक्तात लोह नव्हते.

काटकसर पोटावर आली की ती काटकसर राहत नाही. मध्य भारताने याचे भयंकर उदाहरण पाहिले आहे. रीवा-सतना भागात बांधील मजुरांना मजुरी म्हणून लाखोळी मिळायची, कारण ती सगळ्यांत स्वस्त. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ल्याने माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. त्याला लॅथिरिझम म्हणतात. त्यात मालकाची बचत झाली आणि मजुराचे पाय गेले. कुणी 'थोडक्यात भागवा' म्हणाले की आधी पाहावे, वाचते कुणाचे आणि जाते कुणाचे.

हाच प्रश्न आपल्या घरातही विचारायला हवा. रमाईने गोवऱ्या थापून संसार चालवला, ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो आणि सांगायलाच हवी. पण 27 मे 1935 ला रमाई गेली तेव्हा ती अवघी 37 वर्षांची होती, हे आपण त्याच दमात सांगत नाही. बाबासाहेबांना त्या सोसण्याची किंमत ठाऊक होती. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केले. आपल्या आयांच्या त्यागाचे पोवाडे गाताना त्यांच्या ताटाकडे पाहायचे आपण विसरतो. पोवाडा गाणे सोपे आहे. आईला आपल्याबरोबर जेवायला बसवणे कठीण, कारण मग वाढायला आपल्याला उठावे लागते.

म्हणून मायच्या वहीत मी माझे तीन नियम जोडले आहेत. बचत इंधनाची, पाण्याची, वाया जाणाऱ्या अन्नाची करायची. डाळ, अंडी, पालेभाजी यांची करायची नाही. उरलेले शिळे सगळ्यांच्या ताटात सारखे वाटायचे. एकटीच्या वाट्याला टाकायचे नाही. आणि वाळवणे, भिजवणे, निवडणे ही कामे मुलग्यांनीही शिकायची, कारण प्रत्येक काटकसरीत कुणाचा तरी वेळ जातो आणि आजवर तो एकाच माणसाचा गेला आहे. लोखंडी कढईत भाजी करा, त्यात चिंच, टोमॅटो किंवा आमचूर पडू द्या, भाजीत लोह उतरते. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. रक्त फारच कमी असेल तर कढईवर भागणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. हे मी मायला सांगितले तेव्हा ती हसली. "शिकून आली तं आता मले सयपाक शिकवते." पण कढई बदलली.

शेवटची गोष्ट. घरातली काटकसर मजुरीची जागा घेऊ शकत नाही. बाबांना कायम नोकरी होती, क्वार्टर होते, म्हणून मायच्या रुमालात नोटा साठल्या. आज ठेकेदारीत राबणाऱ्या माणसाला कुणी गॅस वाचवण्याच्या युक्त्या सांगून गप्प बसवू लागला तर ती फसवणूक आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणमजुरांनी हे चांगले ओळखले होते. त्यांनी शंकर गुहा नियोगींच्या सोबतीने मजुरीसाठी लढा दिला, दारूवरचा पैसा वाचवला, आणि स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून 1983 साली शहीद हॉस्पिटल उभे केले. एकेका घरात वाचलेला पैसा एकत्र आला की त्यातून काय उभे राहते, ते तिथे दिसते. आपल्याकडे पहिल्या पगाराची मुले-मुली आहेत. आपल्या वस्तीतल्या एका मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरण्याइतका रुमाल आपण पाच-सहा जण मिळून बांधू शकतो.

या रविवारी घरी असाल तर वही घेऊन आईजवळ बसा. ती म्हणेल, यात लिहिण्यासारखे काय आहे. तरी लिहा. ती काय काय वाचवायची ते लिहा, आणि स्वतःच्या ताटातून काय काय कमी करायची तेही विचारा. पहिली यादी चालू ठेवायची आहे. दुसरी आपल्या पिढीने बंद करायची आहे.

माय आता सत्तरीजवळ आली आहे. उन्हाळ्यात अजून बासी खाते, आवडते म्हणून. आता मात्र ताटात बासीसोबत उकडलेले अंडे असते, आणि ते ती कुणाला देत नाही.

जय भीम.